झाकणावरचा स्क्रू

मामाच्या छातीत स्टेंट बसवून दोन महिने झाले होते, म्हणूनच मामीने मला बोटीत बसवलं. धरणाच्या पलीकडच्या काठाला टाकलेली जाळी बघून यायची होती. मामाचा नेहमीचा जोडीदार लग्नाला पुलगावला गेला होता आणि मामा घरी बसणाऱ्यातला नव्हता. निघताना मामीने मला चुलीपाशी बोलावलं. "यायले दोरी ओढू देजो नोको," ती म्हणाली. "तूच ओढजो."

मी मान हलवली. मला पोहता येत नाही हे तिला सांगितलं नाही. वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत मी बारा वर्षं काढली, पण कोणी काही सोपवलं की मान हलवणं, एवढंच मला नीट जमतं.

बोटीच्या मागे लावलेलं इंजिन माझ्याहून वयाने मोठं आहे. जुनं घेतलेलं, दोरी ओढून सुरू करायचं. पेट्रोलची लाल टाकी वेगळी असते, ती बोटीत पायाशी ठेवतात. टाकीपासून इंजिनापर्यंत एक नळी जाते आणि नळीच्या मध्यावर मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं, मग दोरी ओढायची. टाकी घरात ठेवतात, त्यामुळे तिच्या झाकणावरचा छोटा स्क्रू घरी घट्ट आवळलेला असतो. काठावर आल्यावर मामा तो स्वतः सैल करतो. त्या दिवशीही त्याने केला. मी पाहिलं, पण का करतो ते विचारलं नाही.

माझ्या दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू झालं. मामा म्हणाला, आता भाचीलाच पगारावर ठेवावं लागते. जाताना सगळं ठीक होतं. जाळ्यात फार काही नव्हतं. परतीला वारा सुटला, बोट डुलायला लागली आणि टाकीतून पेट्रोलचा वास येऊ लागला. शेजारीच भाकरीचा डबा होता. झाकणावरचा स्क्रू ढिला दिसला, तो मी बोटांनी आवळून टाकला. मामाची पाठ माझ्याकडे होती.

दहाएक मिनिटांनी, धरणाच्या ऐन मध्यावर, इंजिनाचा आवाज बसला. बोट रेंगाळली. मग इंजिन दोनदा खोकल्यासारखं करून बंद पडलं.

आधी मला फक्त पाण्याची भीती वाटली. मोबाईलला रेंज नव्हती. वारा आम्हाला हळूहळू बुडीत झाडांकडे नेत होता. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या झाडांची ती वाळकी खोडं आहेत, त्यांच्यावर बोटीचा तळ फाटतो. एकच वल्हं होतं आणि मला ते नीट मारता येत नव्हतं. पण मामाने दोरीची मूठ हातात घेतली तेव्हा मामीचं बोलणं आठवलं आणि ती भीती मागे पडली.

"मी ओढते," मी म्हटलं. वाऱ्यात मलाच ते ऐकू आलं नाही.

त्याने आधी इंजिन उचलून पंखा पाहिला. त्यात शेवाळाचा पुंजका होता, तो काढला. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, पुन्हा लावलं. मग दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. त्याच्या कपाळावर घाम होता. शेवाळच होतं म्हणे.

पुन्हा तेच झालं. दहा मिनिटं चाललं आणि आवाज बसला. आता त्याने प्लग काढला. तो काळा पडला होता, शर्टाच्या टोकाने पुसला. पेट्रोलात पाणी तर नाही ना, म्हणून झाकण उघडून वास घेतला. झाकण उघडताना बारीक फुस्स आवाज झाला. दोन ओढी, इंजिन सुरू. मामाचे ओठ पांढुरके दिसत होते. डावा हात त्याने गुडघ्यावर ठेवला होता आणि तो तिथून हलवत नव्हता. मी त्या हाताकडेच बघत राहिले.

तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा माझी नजर नळीवरच्या फुग्यावर गेली. तो दोन्ही बाजूंनी चिकटून चपटा झाला होता, कोणी आतून हवा ओढून घेतल्यासारखा. मग लक्षात आलं. मामा झाकण उघडतो, मग इंजिन चालतं. झाकण लावतो, मग थोड्या वेळाने मरतं. शेवाळाचा काही संबंध नाही, प्लगचाही नाही. मामाच्या डोक्यात हे येणारच नव्हतं, कारण स्क्रू त्याने स्वतःच्या हाताने सैल केला होता.

ते सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार होतं. मामाने पुन्हा मूठ धरली, ओढली. काही नाही. परत ओढली आणि वाकलेलाच राहिला, तोंड उघडं.

"मामा, थांबा. झाकणावरचा स्क्रू मी आवळला होता."

तो वळला. "कधी?"

"येताना. वास येत होता."

त्याने टाकीकडे बोट केलं. मी स्क्रू सैल केला. टाकीने लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि फुगा फुगून गोल झाला.

"अवं माय, टाकीत हवा गेली नाई तं पेट्रोल येईन कसं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दम नव्हता म्हणून असेल. त्याने दोरीकडे हात नेला. मी मध्ये जाऊन बसले. गरम इंजिनाले जोराचा झटका लागते, तुह्या हातानं होणार नाई, असं तो म्हणाला. मी उठले नाही. माझ्या चौथ्या ओढीला ते सुरू झालं. खोडं तेव्हा इतकी जवळ होती की त्यांच्यावरचे पाणकावळे उडाले.

काठावर मामी उभी होती. तिने दोरी कोणी ओढली ते विचारलं. मामा लगेच म्हणाला, हिनंच. मग माझ्याकडे बघून त्याने भुवई किंचित उचलली. मान हलवली असती तर भागलं असतं.

"सहा वेळा मामांनी ओढली," मी म्हटलं. "माझ्यामुळं."

मामी तशीच शेजाऱ्यांची गाडी सांगायला गेली, वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला. मामा टाकीवर बसून राहिला. "भाची नाई, फितूर आहे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. डावा हात अजून गुडघ्यावरच होता. गाडी येईपर्यंत मी त्याचे श्वास मोजत उभी राहिले.