लॅडलचा लांबचा फेरा

डेमोत लॅडल उलटला, तोही भरलेला. लॅडल म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून नेणारी अवजड बादली. थोडं पोलाद ओतून झाल्यावर तो जरासा मागे येऊन सरळ व्हायला हवा होता. आमच्या स्क्रीनवर त्याने पुढच्या बाजूने अख्खी कोलांटी मारली. क्लायंट हसला. भिलाईत शेंबड्या पोरालाही कळतं, असं खरंच झालं तर खाली माणूस उरत नाही.

आम्ही क्रेन ऑपरेटरांसाठी ट्रेनिंग सिम्युलेटर बनवत होतो. सल्लागार होते वानखेडे काका, रिटायर्ड क्रेन ऑपरेटर. सेन्सर लावलेलं छोटं मॉडेल हातात धरून त्यांनी लॅडलची एकेक स्थिती दाखवली होती. दोन स्थितींमधली हालचाल भरणारा प्रोग्रॅम माझा.

"काकाचा हात थरथरते आता," बॉस क्लायंटला म्हणाला. "रेकॉर्डिंगच खराब आलं."

"माह्या हाताले काही नाही झालं," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. बॉसने काकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

चूक मला दोन दिवसांनी सापडली. स्थिती आम्ही क्वाटर्नियनने लिहितो, म्हणजे चार आकडे. चारही आकड्यांची अधिक-उणे चिन्हं उलटी केली तरी स्थिती तीच राहते. पण एका टोकाचीच चिन्हं उलटी आली, तर कॉम्प्युटर जवळची वाट सोडून लांबून फिरतो, भिलाईतल्याच रिसालीहून सिविक सेंटरला शेजारच्या दुर्ग शहरावरून जावं तसा. सेन्सर कधी अशी चिन्हं देतो, कधी तशी. ती आधी जुळवायची असतात, एका ओळीचं काम. मी टेस्टिंग स्वतः टाइप केलेल्या आकड्यांवर केलं होतं. तिथे ती जुळलेलीच होती.

"फिक्स कर अन् चूप राह," बॉस म्हणाला.

"आणि काका?"

"त्यायले पेन्शन आहे न."

बॉसचा संताप आला. त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त. रिसालीला काकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"हे तू क्लायंटसमोर सांगशील?"

मी बॅग खांद्याला लावली. नोकरी टिकवायची होती.

"लॅडल उचलता उचलता म्हातारा झालो, बाई. आता सिविक सेंटरात जुने सोबती माह्या हाताकडे पाहून राहिले."

काकूंनी आतून चहाचं विचारलं. "राहू दे," काका म्हणाले, "तिले जायचं आहे."

सिम्युलेटर पास झाला. नव्या लोकांना मी सांगते, आधी चिन्हं तपासा. निदान 'चूक कुठे आहे ते अजून माहीत नाही' एवढं तरी तोंडाने म्हणा. काकांवर आळ आला तेव्हा मी तेवढंही म्हटलं नव्हतं.