अकरावं माप

"काका, दहा सांगितले होते. हे अकरावं कोणाला फुकट वाटलंत?"

सर पडद्याकडे बोट दाखवत होते. पडद्यावर माझा प्रोग्रॅम होता. आयुष्यातला पहिला. त्याखाली त्याने छापलेल्या ओळी. दहा हव्या होत्या, अकरा आल्या होत्या. वर्गातली सगळी मुलं हसली. मीही हसलो. हे आधी सांगून टाकतो, कारण तेच जास्त सलतं. माझ्यावरच्या हसण्यात मी माझं हसू मिसळलं.

"आणि हे पहिल्या ओळीत काय? लाभ? काका, कंप्युटरला जंगलातली मोजणी चालत नाही हो." सरांनी हजेरीच्या कागदावर नजर टाकली, माझं आडनाव बघितलं. "अच्छा, योजनेतून आलात ना तुम्ही. मग चालायचंच."

पुन्हा हशा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अकरा काका!" ते नाव चिकटलं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. नाशिकमधल्या एका कॉलेजात शिपाई आहे. गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. आम्ही आदिवासी. कॉलेजातल्या कंप्युटरच्या खोलीचं कुलूप वीस वर्षं मी उघडतो, मीच लावतो. की-बोर्ड पुसतो, खुर्च्या सरळ करतो. त्या खोलीत नेमकं काय चालतं ते मला कधीच कळलं नाही. ते जाणून घ्यायचं होतं. गंगापूर रोडच्या एका क्लासमध्ये आदिवासींसाठी एक मोफत जागा होती, वयाची अट नव्हती. रविवारी सकाळी नऊ ते बारा. मी अर्ज केला. जागा मिळाली. वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलीहून लहान. सर तिच्याएवढे.

आता ती चूक. ती कशी झाली ते नीट सांगतो.

त्याआधीच्या रविवारी सरांनी शिकवलं होतं की कंप्युटर एकपासून मोजत नाही, शून्यापासून मोजतो. सगळी मुलं गोंधळली. मी गोंधळलो नाही. त्या वर्गात पहिल्यांदा मला काहीतरी इतरांच्या आधी कळलं होतं. आमच्या बाजारातही मोजणी एकपासून सुरू होत नाही. धान्याचं पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. शुभ म्हणून. सरांनी गृहपाठ दिला, घरातली कुठलीही वस्तू घ्या आणि दहा मोजून दाखवा. कोणी दहा पिझ्झे मोजले, कोणी दहा गाड्या. मी नागलीची, म्हणजे नाचणीची, दहा मापं मोजली. शून्याच्या जागी 'लाभ' लिहिलं. मग एक, दोन, तीन, दहापर्यंत. कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहिलं, चार वेळा तपासलं. मला त्यात चूक दिसली नाही.

कशी दिसणार? मी तसंच मोजायला शिकलो होतो.

खरी रीत अशी नाही. खरी रीत लाभ, दोन, तीन. लाभ म्हणजेच पहिलं. दहा म्हटलं की दहा मापं झाली पाहिजेत. हरसूलच्या बाजारात ज्या शेठकडे आमच्या पाड्यांवरची नागली, वरई जायची, त्याने ही रीत वाकवली होती. लाभ, एक, दोन, तीन. दहा म्हणेपर्यंत अकरा मापं त्याच्या पोत्यात पडायची. पैसे दहाचे.

"हे अकरावं कोणाला फुकट वाटलंत?"

सरांनी गंमत म्हणून विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं.

कारण त्या शेठचा मापारी मी होतो.

बारावी नापास झालो, घरी बसलो होतो. शेठ म्हणाला, तू शिकलेला, तुझ्या हातून मापलं तर तुझ्या लोकांना भरवसा वाटेल. दोन वर्षं मी त्याच्या दुकानापुढे बसून माप ओतलं. मोठ्या आवाजात म्हणायचो, "लाभ!" मग थांबायचो. मग, "एक." समोर उकिडव्या बसलेल्या बायका. दोन डोंगर उतरून डोक्यावरून आणलेलं धान्य. त्यात माझी मावशी होती. तिचंही मी असंच मापलं. शेठने मला एकदाही सांगितलं नव्हतं की फसव. तो फक्त म्हणाला होता, "आपल्याकडे असं मोजतात." आणि मी मोजलं. कळत होतं का? कळत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुकानात मला खुर्ची होती. माझ्या लोकांना ती नव्हती. त्या खुर्चीसाठी मी गप्प बसलो.

क्लासमध्येही मी तसाच वागत होतो, हे मला फार उशिरा दिसलं.

पहिल्या रविवारी सर म्हणाले, "काका, तेवढा फळा पुसता का? तुम्हाला सवय असेल." मी पुसला. दुसऱ्या रविवारी पाण्याचा जार. तिसऱ्या रविवारी खालच्या टपरीवरून चहा. त्यानंतर सांगायची गरजच राहिली नाही. साडेदहा झाले की मी आपला आपण उठायचो. मी चहा आणायला गेलो की सर पुढे शिकवत राहायचे. परत येईपर्यंत फळ्यावर नव्या ओळी. त्या मला कधी कळायच्या नाहीत. विचारलं तर, "काका, आत्ताच झालं की हे. लक्ष कुठे असतं तुमचं?" माझं लक्ष किटलीत असायचं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे लिहिताना माझी मला किळस येते.

मग तो पालकांचा रविवार आला. प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम पालकांसमोर चालवून दाखवायचा होता. दारावर नावांची यादी लावली होती. मी ती दोनदा वाचली. त्यात माझं नाव नव्हतं.

"सर, माझं राहिलं का?"

"काका, तुम्ही आज चहाचं बघा ना. पाहुणे आहेत."

मी चहाचं बघितलं. ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. अथर्व नावाच्या मुलाची पाळी आली. वडील डॉक्टर, पहिल्या रांगेत बसलेले. अथर्वने नाट्यगृहातल्या जागांचा प्रोग्रॅम केला होता. एका रांगेत दहा खुर्च्या. बटण दाबलं. पडद्यावर खुर्च्या आल्या नऊ.

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. नऊ.

सर हसले. पण वेगळं हसले. अथर्वच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकाने हुकणं! क्लासिक चूक आहे ही. मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर करतात. म्हणजे पोरगा योग्य रस्त्यावर आहे, डॉक्टरसाहेब." टाळ्या वाजल्या.

त्याचे नऊ. माझे अकरा. चूक तीच, एकाने हुकण्याची. त्याची चूक इंजिनिअरची. माझी चूक जंगलाची.

पहिल्या रांगेतून एका गृहस्थांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला होता, कपासाठी. मी ट्रे सरांच्या टेबलावर ठेवला. लॅपटॉपच्या शेजारी. दोन कप हिंदकळले.

"अहो काका, सांभाळून!"

"सर, माझा प्रोग्रॅम राहिलाय."

"आज नको. नंतर बघू."

"आज. आत्ता."

"काका, इश्यू करू नका. पालक बसलेत."

"मीही एका मुलीचा पालकच आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. ते गृहस्थ म्हणाले, "अरे, चहा देतोयस ना?" मला अरे-तुरे. मी म्हणालो, "तुमचा तुम्ही घ्या. ट्रे तिथे आहे." आणि मी पालकांकडे तोंड करून बोललो. लाभ म्हणजे काय ते सांगितलं. शेठ कसा मोजायचा ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "सरांनी विचारलं होतं, अकरावं कोणाला वाटलं. मी शेठला वाटलं. माझ्या हाताने. माझ्या मावशीच्या टोपलीतलं."

सर घसा खाकरून म्हणाले, "काका, विषय इमोशनल आहे, मान्य. पण कोडिंगशी याचा काय संबंध?"

"संबंध हाच. मोजणी लिहिणारा एकाने हुकला की कोणाच्या तरी घरातलं एक माप जातं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. ज्याचं जातं त्याला दिसतं. मी दोन्हीकडून बघितलंय. तुम्ही नाही बघितलं."

मी बाहेर पडलो. जिना उतरताना वाटलं, जिंकलो. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत चालत गेलो तोवर ते वाटणं उतरलं होतं. मी कबुली दिली होती, पण चुकीच्या माणसांपुढे. त्या डॉक्टरांच्या घरातलं काय गेलं होतं?

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. त्यांना वाटत होतं की मला 'या लेव्हलचं झेपत नाही'. पुढच्या रविवारपासून मला टायपिंगच्या बॅचला टाकलं होतं. दहा मिनिटांत क्लासच्या ग्रुपमधून माझं नाव गेलं.

मी कॉलेजात रजा टाकली. बस धरून गावी गेलो. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे. ओसरीत बसून वाल सोलत होती. मी समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. लाभ, एक, दोन. दोन वर्षं. तिने हात थांबवला नाही.

"आमाला ठावा व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"मोजता येत नाय का आमाला? घरून मापूनच निघत व्हतो. दहा म्हणलास का अकरा गेली, समद्या बायांना ठावा व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"शेठला काय बोलायचा. तो शेठ. तू आमचा पोर. आज सांगल, पुढच्या बाजाराला सांगल, म्हणून तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो." शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "तीस वर्सांनी आलास."

मी म्हणालो, "माफ कर."

"माझी एकलीची व्हती का ती नागली? बाकीच्या बाया मेल्या." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता हा कंप्युटर शिकतोस तो कोणाच्या दुकानात बसाया?"

तिने मला माफ केलं नाही. जेवायला वाढलं, पण माफ केलं नाही. बरं केलं. माफी मिळाली असती तर मी परत येऊन टायपिंगच्या बॅचला बसलो असतो, मान खाली घालून, शांत मनाने.

शेठ गेला. त्याची मुलं नाशिकला राहायला आली. माप जाऊन काटा आला, काटा जाऊन आता पडदा आला. रेशनचं धान्य अंगठ्यावर, मजुरीची हजेरी मोबाइलवर. आमच्या माणसाचं किती भरलं ते आता पडदा सांगतो. त्या पडद्यामागे कोणीतरी मोजणी लिहिलेली असते, आणि लिहिणारे अशाच वर्गांतून बाहेर पडतात. तिथे आमचं कोणी नसेल, किंवा असलं तरी चहा आणत असेल, तर आमच्या टोपलीतलं जातच राहणार. आणि 'आपल्याकडे असं मोजतात' म्हणून सांगणारा कोणीतरी भेटतच राहणार.

मी सरांना उत्तर पाठवलं आहे. टायपिंगच्या बॅचला येणार नाही. योजनेतली जागा प्रोग्रॅमिंगची आहे, ती माझ्या नावावर आहे, तिचं पत्र माझ्या खिशात आहे. रविवारी नऊ वाजता मी येणार. पहिल्या बाकावर बसणार. फळा पुसणार नाही. न कळलेली ओळ दहा वेळा विचारणार, वर्ग कितीही हसला तरी, आणि त्या हसण्यात माझा आवाज नसेल. मला बाहेर काढायचं असेल तर सरांनी हाताला धरून काढावं, सगळ्यांसमोर. आपण होऊन मी उठणार नाही.