स्कूटरवरचा क्रेट

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये हे स्कूटरच्या मागच्या कॅरिअरवर प्लास्टिकचा क्रेट बसवत होते. ह्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी जेवणाचे डबे करते आणि हे ते घरोघर पोचवतात. हँडलला पिशव्या अडकवून खांदे भरून येतात, म्हणून हा क्रेट. हे खाली वाकून नट आवळत होते आणि मी वरून क्रेट दाबून धरला होता. पोळ्या लाटून माझे हात जड झाले होते. दमलं की शेजारचं माणूस दिसत नाही, त्याने काय धरलंय तेवढंच दिसतं.

क्रेट घट्ट बसला, पण माझी निम्मी सीट त्याखाली गेली. संसारात गरजेच्या वस्तू अशाच येतात आणि थोडी थोडी माणसाची जागा घेतात. बोल तरी कुणाला लावायचा?

"बसून बघ जरा," हे म्हणाले.

"मला कुठे जायचंय आता?"

"बस तर."

मी अंग चोरून बसले. क्रेटची कड पाठीला लागली.

"टोचतंय?"

"थोडंसं. चालेल."

हे पुन्हा खाली बसले आणि आवळलेले नट सोडवायला लागले.

"अहो, उद्या करा. दमलात तुम्ही."

"आज टोचलं, तर उद्या तू बसायचीच नाहीस," हे मान वर न करता म्हणाले.