कंबरेपर्यंतचं माप

सून म्हणाली, "बाबा, हे टेबल उंच आहे. सुताराला सांगून पाय थोडे कापून घेऊ या."

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं टेबल हाय काय?"

ती हसली. माझ्या तोंडाची तिला सवय झाली आहे. डोंबिवलीची पोर, पण लग्न होऊन आली तेव्हापासून माझं ऐकते आणि तिला करायचं तेच करते. तिच्या सासूचंही असंच होतं, म्हणून दोघींचं जमायचं.

टेबल फणसाचं आहे. आमच्या परसात फणस होता, तो एका वादळात आडवा झाला. पोलादपूरला नेऊन त्याच्या फळ्या पाडून आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. पडून होत्या कित्येक वर्षं. मग हिचे गुडघे गेले. ही म्हणजे माझी बायको. महाडच्या डॉक्टरनं सांगितलं, आता खाली बसायचं नाही, चुलीपुढे तर नाहीच. डॉक्टरसमोर ही गप्प बसली. बाहेर एसटी स्टँडवर आल्यावर माझ्यावर ओरडली, "खाली बसायचं नाय म्हणतो. मग मी काय उडून भाकऱ्या थापू?"

म्हणून टेबल करायचं ठरलं. वाडीतला सुतार आला. त्यानं आयुष्यात दारं, खिडक्या, नांगर आणि देव्हारे केले होते. विचारलं, "काकी, उंची किती ठेवू?" ही म्हणाली, "मी उभी ऱ्हाते, मोज." सुतार लाजला. बाईमाणसाच्या कंबरेला टेप कुठून लावणार? तेव्हा हिनंच कुंपणाची चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी उपटली, अंगणात अनवाणी उभी राहिली, भाकरी थापताना हात जिथं येतो तिथं काठीवर बोट धरलं आणि मला म्हणाली, "हितं कोयता मारा. बोट सोडून."

शेजारची म्हातारी ओट्यावरून बघत होती. ती कळवळली, "अगो, जित्या माणसाचं काठीनं माप घेतात काय? चांगलं नसतं ते." आमच्याकडे काठीनं माप घेतात ते माणूस गेल्यावर, तिरडी बांधताना.

ही म्हणाली, "मी कुठं सगळी मोजली? कंबरेपर्यंत तर मोजली. गेले तर अर्धीच जाईन."

सगळे हसलो. म्हातारीसुद्धा हसली.

टेबल झालं ते हळदीसारखं पिवळंधमक. फणसाचं लाकूड असंच असतं, मग हळूहळू गुळाच्या रंगावर येतं. स्वयंपाकघरात खिडकीजवळ ठेवलं, मधे माणूस उभा राहील एवढी जागा सोडून. एका टोकाला गॅसची शेगडी, मधे परात, आणि समोरच्या बाजूला मी. पुढे मुलानं ओटा बांधून दिला, चांगला काळ्या फरशीचा. त्यावर हिनं डबे ठेवले आणि भाकरी टेबलावरच थापत राहिली.

आणि आम्ही उभ्यानं जेवायला लागलो. त्याचं कारण असं, की हिला खाली बसता येत नव्हतं आणि मी एकटा खाली पाटावर बसलो तर हिला भाकरी वाढायला वाकायला लागायचं. मी म्हटलं, राहू दे, मी पण उभाच खातो. ती तव्यावरची भाकरी उलथन्यानं थेट माझ्या ताटात टाकायची. पहिली भाकरी माझी. दुसरी थापता थापता ती स्वतः एकेक घास खायची. म्हणायची, "घोड्यासारखे उभ्यानं खातोय आपण. कोणी बघितलं तर टांग्याला जुंपंल." माझी पाठ खिडकीकडे असायची आणि तिचं तोंड. रस्त्यावर कोण आलं, कोणाची म्हैस कोणाच्या वाफ्यात शिरली, सगळं मला तिच्या तोंडावरूनच कळायचं.

दसऱ्याच्या आधी ती गेली. तापाचं निमित्त झालं. महाडला नेली ती बसवून, आणली ती झोपवून. अंगणात चिव्याची काठी आली तेव्हा मला तिचं बोलणं आठवलं. अर्धी नाही गेली, पुरी गेली.

दिवसकार्य झालं, मुलगा आणि सून मुंबईला गेले. मी राहिलो. मुलगा म्हणाला चला, मी म्हटलं नाही. भात उतरवायचा होता, म्हैस होती. शेजारीण भाकरी द्यायची. ती मी टेबलाशी माझ्या बाजूला उभा राहून खायचो. अर्धी खायचो, अर्धी म्हशीला.

शिमग्याच्या आधी सून आली आणि म्हणाली, मी आता इथं राहणार, पावसापर्यंत. ह्यांचं शनिवारी येणं होईलच. मी म्हटलं, "भांडलात काय?" म्हणाली, "नाही हो. मला शांत बरं वाटतं." खोटं होतं. तिला आठ दिवसांत कंटाळा येतो, मला ठाऊक आहे.

मग तिनं घर उचकायला घेतलं. मोबाइलवर बघायची आणि मला दाखवायची. "बाबा, ही बघा डायनिंग रूम. लाकडाचं टेबल मधे ठेवायचं आणि सगळी खोली त्याच्याभोवती करायची. आपलं माजघर रिकामंच आहे. आपलं टेबल तर ह्याच्याहून छान आहे." मोबाइलमधल्या टेबलाभोवती माणूस नव्हतं. नुसत्या खुर्च्या, आणि एका वाडग्यात लिंबं. मी म्हटलं, "इथं कोणी जेवतच नाय. म्हणून एवढं स्वच्छ हाय."

टेबल माजघरात आलं, रस्त्याकडच्या खिडकीजवळ. ओढून नाही, उचलून आणायला लावलं मी. भिंतीला तिनं स्वतः रंग दिला, मातीसारखा. म्हटलं, शेणानं सारवली असती तर फुकट झाली असती. एक लांब पट्टा आणला, टेबलाच्या मधोमध घालायचा, दोन्ही बाजूंनी लोंबणारा. मी बघत राहिलो. "हा काय लंगोट नेसवलास गो टेबलाला?" ती एवढी हसली की खाली बसली. त्यानंतर तो पट्टा दिसला नाही. तांदूळ धुवायची जुनी रोवळी होती, बांबूची. ती तिनं उलटी करून दिव्यावर घालायची ठरवली. माळ्यावरून पितळेचा तांब्या काढला, चिंचेनं घासला, त्यात आंब्याचे डहाळे ठेवले. हे मात्र मला बरं वाटलं. पण तसं मी सांगितलं नाही.

खुर्च्या महाडहून टेम्पोनं आल्या. चार होत्या. मी बसलो आणि टेबल माझ्या छातीला लागलं. ताट हनुवटीखाली आलं. पंगतीत लहान पोर बसतं तसं दिसत असेन. सून बसली, तिचंही तसंच. तेव्हाच ती म्हणाली की हे टेबल उंच आहे.

बापाचं काढल्यावर वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार करवत घेऊन दारात. तोच सुतार, आता केस पांढरे. त्यानं पेन्सिल कानामागून काढली, चारही पायांवर रेघ मारली. म्हणाला, "तात्या, चार बोटं तर कापायची. टेबलाला कळणार पण नाय."

"मला कळंल."

"काय कळंल?"

मला सांगता येईना. चौथीपर्यंत शिकलो, त्यानंतर जे बोललो ते बैलांशी आणि हिच्याशी. दोघांनाही जास्त सांगावं लागत नसे. मी नुसता टेबलाजवळ उभा राहिलो, माझ्या बाजूला. सून म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा ना जरा. टेबल आडवं करायचंय." मी झालो नाही. सुतार करवत हातात घेऊन एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

सून तोवर समोरच्या बाजूनं फडक्यानं कड पुसत होती. थांबली. वाकून बघितलं. म्हणाली, "आणि दादा, इथं जरा रंधा मारून द्या. कड बघा कशी झालीय, उंदरानं कुरतडलीय."

मी म्हटलं, "उंदीर नाय. तुझी सासू."

ती बघत राहिली माझ्याकडे.

"बांगड्या," मी म्हटलं. "भाकरी थापताना हात पुढंमागं व्हायचा. कडंला बांगड्या लागायच्या. रोज. मी समोरच असायचो. आवाज यायचा."

सुनेनं फडकं खाली ठेवलं. त्या खाचा बारीक आहेत, अगदी जवळून दिसतात, दोन ठिकाणी, दोन हातांच्या. तिनं दोन्ही मनगटं तिथं ठेवली. तिच्या हातात एकेकच बांगडी. मग परातीत भाकरी असावी तसा हात हलवला, एकदाच. ती बांगडी लागली आणि तो आवाज झाला.

मी तोंड फिरवलं.

मग मी काठीचं सांगितलं. कोयता, म्हातारी, कंबरेपर्यंत मोजली ते. सुताराला आठवत होतं, तो मान हलवत होता. मी म्हटलं, "ती म्हणाली व्हती अर्धीच जाईन. मग उरलेली अर्धी हीच हाय. त्यातली चार बोटं तू कापायला बघतेस."

सून डोळे पुसत होती आणि रागावली होती, दोन्ही एकदम. "मला टेबलाचं काय पडलंय बाबा? नका कापू. जाळा त्या खुर्च्या. मी कशाला आलेय इथं? तुम्ही बसून जेवावं म्हणून हे सगळं. शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या, अर्धी भाकरी खातात, तीपण उभ्यानं, अर्धी म्हशीला घालतात. शर्ट बघा कसा लोंबतोय तुमचा. खुंटीला अडकवल्यासारखा."

तर हे होतं. शांत बरं वाटतं म्हणाली होती.

सुतारानं करवत पिशवीत घातली. "मग मला बोलावलं कशाला?"

"चहाला," सून म्हणाली आणि आत गेली.

पायांवरची पेन्सिलची रेघ अजून आहे. पुसू दिली नाही मी.

दोन दिवस खुर्च्या भिंतीला टेकून होत्या. सून मोबाइलवर उंच स्टुलं बघत होती. मी म्हटलं, "बार काढतेस काय घरात?" तिसऱ्या दिवशी ती रोवळीचा दिवा टांगायला निघाली. खुर्चीवर चढली तर हात हुकापर्यंत पोचेना. माळ्यावर आमचे जेवायचे जुने पाट होते, शिसवी, खाली दोन पट्ट्या मारलेले. त्यातला एक तिनं खुर्चीवर ठेवला आणि वर चढली. मी खुर्ची धरून उभा. दिवा टांगून झाला. मी वर बघून म्हटलं, "धुऊन वाळत घातलाय काय दिवा?" ती उतरली आणि दमून तशीच त्या पाटावर बसली, खुर्चीवरच. कोपरं टेबलावर टेकली.

मग म्हणाली, "बाबा. बघा."

कोपरं बरोबर बसली होती. पाट जेवढा उंच, तेवढंच टेबल खुर्चीला जास्त होतं. जेवायला जमिनीवर मांडायचा पाट, तो खुर्चीवर गेला एवढंच.

सुतार परत आला. दारातूनच विचारलं, "आज पण चहाच हाय काय?" त्यानं खालून स्क्रू मारून चारही पाट खुर्च्यांना पक्के केले. मुलगा शनिवारी आला, बसला, पाय हलवत म्हणाला, "बाबा, हे कसलं सिंहासन?" सून त्याला म्हणाली, "गप जेव."

माझी खुर्ची तिनं खिडकीकडे तोंड करून ठेवली. म्हणजे हिच्या बाजूला, खाचांपाशी. मी म्हटलं, माझी जागा समोर. ती म्हणाली, "समोर मी थापणार, शेगडी पण इथंच टोकाला आणते. तुमच्याशिवाय मला कोण सांगणार, भाकरी फुगली की नाही?" इथं बसल्यावर रस्ता दिसतो. घाटाकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, शेजारणीची म्हैस वाफ्यात शिरते ती दिसते. आता मीच सांगतो, सून खिडकीकडे पाठ करून थापत असते.

तिच्या भाकऱ्या नकाशासारख्या होतात. कडेला जाड, मधे भोक. मीठ विसरते. मी तोंडावर सांगतो. ती म्हणते, "म्हशीला घालू का?" मी म्हणतो, "नको. तिला पण कळतं."

पहिली भाकरी मी अजून उभ्यानंच खातो, तव्यावरची, गरम. त्याला ती काही बोलत नाही. दुसरीला बसतो.