मुकादमांनी तपासलेला घाट

मुकादम निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना मुकादमच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमच्या मुकादमांना विचारा’ असं म्हणायची, त्यामुळे तिला मुकादमीण हे पद आपोआप मिळालं होतं. चौतीस वर्षं त्यांनी रस्ते खात्यात काढली. त्यातली एकोणीस एकाच डोंगरावर, एकाच घाटाच्या देखभालीत. खड्डे बुजवायचे, दरड आली की उचलायची आणि मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या. डोंगरावरून येणारं पाणी रस्त्याच्या पोटातून पलीकडे काढून देणारी दगडी वाट म्हणजे मोरी. इतर लोक थोरल्या बहिणीबद्दल ज्या सुरात बोलतात, त्या सुरात मुकादम मोरीबद्दल बोलत.

आता गुडघे गेले होते. खोलीतून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीतून खोलीपर्यंत एवढाच त्यांचा हमरस्ता उरला होता. गॅलरीतून खालच्या गल्लीचा तुकडा दिसे. त्यात त्यांनी तीन दोष शोधून नगरपालिकेला कळवले होते. उत्तर आलं नव्हतं, पण तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. एवढी वर्षं खात्यात काढलेला माणूस उत्तराच्या आशेवर पत्र लिहीत नाही.

सून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. ती तिथे काय करते हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. कुणी विचारलं की तो ‘डिझाइन’ म्हणून विषय संपवायचा. मुकादमीण ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला ती आत बसलेली आहे असं वाटायचं. मुकादम मात्र सांगत, ‘डोंगर करते.’ सगळ्यांत बरोबर उत्तर तेच होतं. गेम ‘ओपन वर्ल्ड’ जातीचा होता, म्हणजे खेळणाऱ्याला मोकळं रान. डोंगर, नद्या, गावं, जंगलं पसरलेली, आणि वाटेल तिकडे जा, कुणी अडवणार नाही. त्यातल्या नायकाच्या धाकट्या भावाला उत्तरेच्या किल्ल्यात कोंडलेलं असतं, आणि त्याला सोडवून आणायचं असतं. किल्ल्याकडे चढणारा घाट सुनेचा होता. चौदा महिने खपून तिनं तो केला होता.

गेम बाजारात येण्याआधी कंपनीनं चाळीस खेळाडूंना बोलावून तो खेळायला दिला आणि त्यांची मतं लिहून घेतली. ग्राफिक्सची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. घोड्याच्या मानेवर घाम दिसतो, वारा आला की गवत एका बाजूनं निजत जातं, वगैरे. एकानं लिहिलं होतं की नदीच्या पाण्यात ढग बघत बसलो आणि मागून शत्रूनं मारलं, तरी तक्रार नाही. घाटापाशी मात्र भाषा बदलत होती. ‘सुंदर, पण संपत नाही.’ ‘इथे मी फोन बघून घेतला.’ चाळिसांतले फक्त अकरा जण घाटानं वर पोचले. उरलेल्यांनी पहिल्या दुसऱ्या वळणावरच रस्ता सोडून घोडा सरळ कड्यावर घातला. घोडे पडले, माणसं पडली, पण घाटानं जायला कुणी तयार होईना.

विभागप्रमुख गळ्यात हेडफोन अडकवून हिंडणारा, कधीही आवाज न चढवणारा माणूस होता. अशी माणसं जास्त वाईट. त्यानं शांतपणे सांगितलं की येत्या शुक्रवारी दुसरी चाचणी आहे, तोवर घाट सुधारला तर ठीक, नाहीतर तो काढून तिथे बोगदा टाकू. बोगदा काय, एका दिवसात होतो.

सुनेनं घरी काही सांगितलं नाही. पण शनिवारी सकाळी तिनं एकाच कपात दोनदा साखर घातली आणि तो चहा तक्रार न करता प्यायली. तेव्हा मुकादमिणीनं तिला खुर्चीत बसवून सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता ‘बाई गं’ एवढंच ती अधूनमधून म्हणत होती. वर्तमानपत्राच्या आडून मुकादमांनीही ऐकलं. पान उलटलं, घडी घातली आणि म्हणाले,

“घाट बघू.”

घरच्यांना गेम दाखवायला कंपनीची परवानगी होती, फक्त त्यांनी मताचा फॉर्म भरून द्यायचा होता. सुनेनं टीव्हीला यंत्र जोडून दिलं आणि हातातलं रिमोट कसं धरायचं ते शिकवलं. पहिला तासभर नायक स्वतःभोवती फिरत होता. मग तो विहिरीत पडला. दुपारच्या झोपेच्या वेळेपर्यंत मात्र मुकादमांचा अंगठा बसला, आणि झोप रद्द झाली.

ते घोड्यावर बसले नाहीत. बटण माहीत होतं, पण पाहणी पायी करायची हा नियम. त्यामुळे नायक पुढे चालत होता आणि घोडा साहेबांच्या रिकाम्या गाडीसारखा मागून येत होता. गुडघे न दुखता एवढं चढायला मिळण्याची ही सहा वर्षांतली पहिली वेळ होती. चढ आला की ते खुर्चीत थोडे पुढे वाकत. एका वळणावर दरोडेखोर आडवा आला. मुकादमांनी त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, आणि तेवढ्यात त्यानं नायकाला ठार केलं. नायक खालच्या गावात पुन्हा जिवंत होऊन उभा राहिला, तेव्हा मुकादम म्हणाले की ही सोय चांगली आहे, आमच्या खात्यात नव्हती. आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागले. शनिवारी आणि रविवारी मिळून त्यांनी तो घाट चार वेळा पायी केला. बाजूला वही होती, तिच्यात पावलं लिहीत होते.

मुकादमिणीला ती पावलं बघवेनात. तिचा जीव भावात अडकला होता.

“अहो, तो पोर तिकडे अंधारात बसलाय आणि तुम्ही गटारं बघताय.”

“किल्ल्यात आहे तो. डोक्यावर छप्पर आहे त्याच्या.”

शेवटी रविवारी दुपारी मुकादम आंघोळीला गेले असताना तिनं रिमोट उचललं. घाट वगैरे भानगड न ठेवता घोडा कड्यावर घातला, सात वेळा मेली, आठव्यांदा वर पोचली आणि संध्याकाळच्या आत भावाला सोडवून आणलं. त्यानं आभार मानले तेव्हा तिचे डोळे पाणावले. घाटाविरुद्ध हे आणखी एक मत झालं, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

मुकादमांनी फॉर्म भरला तो असा. आवडलेलं दृश्य: पूर्वेच्या पुलाचं दगडकाम, सांधे एकसारखे. किती शत्रू मारले: एकही नाही, कामात होतो. ग्राफिक्सबद्दल मत: रंगकाम उत्तम. गेमप्लेबद्दल मत: याचा अर्थ त्यांनी आधी सुनेला विचारून घेतला होता, आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे लिहिलं होतं, ‘वाहतूक विस्कळीत. दोष रस्त्याचा, वाहनांचा नाही.’

हे त्यांनी फॉर्मवर ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण रात्रीच्या जेवणाला बसताच ते म्हणाले, “घाट चुकलाय.”

सून म्हणाली, “दिसायला तर सगळ्यांना आवडला, बाबा.”

“रंग चांगला लागलाय. रस्ता चुकलाय.”

तिनं ताटातलं संपवलं, ताट उचलून ठेवलं आणि खोलीत गेली. दातांच्या डॉक्टरनं वडिलांकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी तो भूल न देता दाढ काढायला सांगणाऱ्यांकडे पाहत असावा. मुकादमिणीनं मग मुकादमांना धारेवर धरलं. पोरीनं चौदा महिने हाडाची काडं केली, तिकडे तो हेडफोनवाला टपून बसलाय, आणि घरचं माणूस असं बोलतं. जा आणि दोन शब्द गोड बोला. मुकादम म्हणाले, उद्या बोलतो. गोड बोलण्याचा त्यांना सराव नव्हता, तयारीला एक रात्र लागणारच.

त्या आठवड्यात सून घरूनच काम करत होती. सोमवारी सकाळी ते भिंतीला धरत तिच्या खोलीच्या दारात गेले. गोड शब्द तयार होते. पण पडद्यावर तिचा घाट उघडा होता, हिरव्या डोंगरावर टाकलेल्या फितीसारखा, आणि तो बघताच शब्द गेले.

“तू हा इथून काढतेस?”

“हो.”

“वरून?”

“सगळे वरूनच काढतात, बाबा.”

मुकादम पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, वरून आमचाही घाट छान दिसायचा. एका मोठ्या साहेबांनी हेलिकॉप्टरमधून बघून कौतुक केलं होतं. त्याच वेळी खाली माझी माणसं दरड उपसत होती.

मग त्यांनी वही उघडली. त्यांचं म्हणणं साधं होतं. चालणाऱ्याला रस्ता दिसतो तो उभ्या माणसाच्या डोळ्यानं. तुझ्या प्रत्येक वळणावर आतल्या बाजूचा खडक थेट रस्त्यापर्यंत आलाय. त्यामुळे वळलं की समोर भिंत, पुन्हा वळलं की पुन्हा भिंत. आपण किती चढलो ते दिसत नाही, किती उरलंय तेही दिसत नाही. माणूस चढाला कंटाळत नाही, आंधळेपणाला कंटाळतो. वळणावरचा खडक बारा पावलं मागे कापला की पुढची दोन वळणं दिसतात. दोनच दिसायला हवीत, तिसरं दिसता कामा नये. तिसरं दिसलं की माणूस हिशेब करतो आणि हिशेब केला की बसतो.

सुनेनं पडद्यावरची नजर आकाशातून खाली आणली आणि रस्त्यावर, घोडेस्वाराच्या उंचीवर ठेवली. चौदा महिन्यांत तिनं ती तिथे ठेवली नव्हती असं नाही. पण प्रत्येक वेळी घाईत, गवत नीट हलतंय का एवढंच बघायला. आता ती एक एक वळण चढत गेली. चौथ्या वळणावर तिनं हळूच जांभई दाबली, आणि ती मुकादमांनी पाहिली आहे हे तिनं पाहिलं.

“खुर्ची आणू का तुम्हाला?” ती म्हणाली.

पुढचे चार दिवस त्या खोलीत रस्त्याचं काम चालू होतं. वर ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ची पाटी नव्हती एवढंच. सून खडक कापायची, मुकादम मागे खुर्चीत. भांडणं रोज झाली. मुकादमांना प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोकळी जागा हवी होती, गाडी बाजूला घेण्यापुरती. सून म्हणाली, इथे गाड्या नाहीत, आणि घोडा तापत नाही, कुणी कशाला थांबेल? मुकादम म्हणाले, जागा असली की माणूस थांबतो, सांगावं लागत नाही. जागा झाली. मग मोऱ्यांवरून जुंपली. तिनं परोपरीनं समजावलं की गेममध्ये पाऊस पडतो, पाणी वाहतं, पण त्यानं रस्ता खचत नाही.

“अजून नाही,” मुकादम म्हणाले.

सात मोऱ्या बसल्या. त्यातली एक पुन्हा करावी लागली, पाणी बाहेर पडायचं तोंड चढाकडे होतं म्हणून. मुकादमीण दोन्ही वेळचा चहा तिथेच आणून द्यायची आणि जाताना विचारायची, आज कुठवर आलं? बुधवारी तिनंही पडद्यावर घाटाच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाली, आता जरा रस्त्यासारखं दिसतंय. तिनं घोडा कड्यावर घातला होता ही गोष्ट तिनं केव्हाच पुसून टाकली होती.

शुक्रवारी सून कंपनीत गेली. मुकादम सकाळपासून गॅलरीत बसून होते. गल्लीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोनं दोनदा विचारलं, फोन करू का तिला? दोन्ही वेळा ते म्हणाले, पाहणी चालू असताना त्रास द्यायचा नसतो.

ती सहाच्या सुमाराला आली. चपला काढता काढताच सांगितलं. चाळिसांतले एकतीस घाटानं वर गेले. बोगदा रद्द. पण विभागप्रमुख खालची तीन वळणं काढणार आहे, चढ अजूनही लांब आहे म्हणून. सहा राहतील.

मुकादमिणीनं तिला जवळ घेतलं. मुकादमांनी विचारलं, “खालची तीन म्हणजे पहिल्या दोन मोऱ्याही गेल्या?”

“गेल्या, बाबा.”

“हं.” मग ते म्हणाले की वरच्या पाच तरी राखल्या, खातं असतं तर सगळ्या गेल्या असत्या. त्यांच्याकडून याहून गोड बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मग तिनं लॅपटॉप उघडला. चाचणीत प्रत्येकाचा खेळ टिपून ठेवलेला असतो, त्यातला एक तिनं मागून आणला होता. कुणीतरी अनोळखी खेळाडू घोड्यावरून घाट चढत होता, घाईत, भाऊ सोडवायच्या बेतात. सहाव्या वळणावर मोकळी जागा आली. त्यानं घोडा हळू केला, बाजूला घेतला आणि खाली उतरला.

“घोड्याला काही झालं का?” मुकादमांनी विचारलं.

“नाही. बघतोय तो.”

मुकादमांनी चष्मा सारखा केला. एकोणीस वर्षांत त्यांच्या घाटात माणसं थांबली होती. पंक्चरसाठी थांबली, उलटीसाठी थांबली, त्यांच्यावर ओरडायला तर गाडी मागे घेऊनही थांबली. बघायला कोण थांबतं हे बघायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. दरडी उपसताना माणूस खाली मान घालून असतो. पडद्यावरचा माणूस पाठमोरा उभा होता. त्याच्यापुढे चढून आलेला रस्ता खालपर्यंत वळत गेला होता आणि गवत एका बाजूनं निजत होतं. एक मिनिट दहा सेकंद तो हलला नाही. तिनं मोजलं होतं. मग घोड्यावर बसला आणि पुढे गेला.

“पुन्हा लाव,” मुकादम म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. मुकादमीण हात पुसत मागे येऊन उभी राहिली. जरा वेळ वाट पाहिली, काही घडेना म्हणून तिनं विचारलं, “कोण हा?”

“माहीत नाही.”

“मग त्याच्याकडे काय बघत बसलाय?”

“थांबलाय तो,” मुकादम म्हणाले, आणि तिला बसायला जागा करून दिली.