ताडपत्रीवरचे टाके

रविवारी अंगणात लष्करी ट्रकची जुनी ताडपत्री पसरली होती. टेम्पो चालवून उरलेल्या वेळात आप्पा हा लिलावात घेतलेला ट्रक हौसेने दुरुस्त करतात. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागायला लागले, तरी आईने त्याला कधी हात लावला नव्हता. "सवत आणून ठेवलीय दारात," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची.

"पार फाटलीय, टाकूनच देतो," आप्पा म्हणाले.

आई वाकली आणि एका जुन्या शिवणीवरून बोट फिरवू लागली. जाड दोऱ्याचे ते टाके जरा वाकडे होते, पण घट्ट होते.

"हे कुणी शिवलंय?"

"असंल कुणी जवान."

"आईनं शिकवलेलं दिसतंय पोराला. दाभण आणा आतनं. ह्याचे टाके उसवायचे नाहीत, मी पुढनं शिवते."

कॉलेजात कुणी घरच्यांचे छंद विचारले, तर मी ट्रकचं नाव काढायचे नाही. छंद आमच्यासारख्यांच्या घरी नसतात, असं वाटायचं. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण कुणा अनोळखी माणसाने जपलेली वस्तू त्याच्या टाक्यापासून पुढे जपत जाणं, हे मला त्या दुपारी फार मोठं वाटलं. आता कुणी विचारलं, तर सांगेन.

संध्याकाळी ताडपत्री ट्रकवर चढली. त्या जवानाच्या ओळीला लागूनच आईची ओळ होती. आईने कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "काकू, या की! आमचा ट्रक बघायला या."