मोडीत गेलेलं नळकांडं

आज सुनेनं समई चिंचेनं घासायला घेतली आणि त्या आंबट, पितळी वासानं मला देगलूरच्या घरात नेलं. सासरे ट्रक चालवत. एकाहत्तरच्या लढाईत सरकारनं ट्रक मागवले, तेव्हा ते सीमेपर्यंत दारूगोळा पोचवून आले. फौजी नव्हते, म्हणून कागद नाही, बिल्ला नाही. एका जवानानं दिलेलं तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं तेवढं होतं. कोनाड्यात ठेवलेलं ते नळकांडं सासरे स्वतः चिंच लावून घासत. मी नवी सून. दिवाळीआधी भांडेवाला दारात आला, तेव्हा घरात कुणी नसताना ते मोडीत घालून मी स्टीलचा डबा घेतला. संध्याकाळी कोनाड्यातल्या नव्या डब्यासमोर सासरे थबकले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंनी विचारलं, "नळकांडं कुठं हाय?" मी पोळी लाटत राहिले. "म्याच दिलं मोडीत," सासरे म्हणाले, "उगं जागा अडवून राहिलं होतं." सासूबाई आठवडाभर त्यांनाच बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. पुढं कुणी लढाईचं विचारलं तर दाखवायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं. आता सासू-सासरे दोघंही गेले. आज समई पुसता पुसता सून म्हणाली, "आत्याबाई, तो जुना स्टीलचा डबा मोडीत देऊ का?" मी नको म्हणाले. का, ते तिलाही सांगितलं नाही.